डास पळवणाऱ्या मनगटी पट्ट्याच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: लहान मुलांच्या डास प्रतिबंधक पट्ट्यावरील खोटा दावा

महोदय,

आपला सिट्रोनेला या सुगंधी गवताच्या तेलाचा मनगटी पट्टा मी या उन्हाळ्यात माझ्या मुलीसाठी घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘संपूर्ण शरीराला १२ तास संरक्षण’ असे छापले आहे. तेवढ्याच भरवशावर घेतला.

संध्याकाळी ती बाहेरून खेळून आली तेव्हा तिच्या घोट्यांवर, कानामागे आणि हातावर गांधी उठल्या होत्या. त्यातली एक तर पट्ट्यापासून जेमतेम चार बोटांवर होती. सकाळी एक पापणी इतकी सुजली की डोळा धड उघडेना.

डासांना दूर ठेवणारे औषध जिथे लावले तेवढीच कातडी राखते. मनगटावरच्या पट्ट्याने घोटे कसे वाचणार? शिवाय सिट्रोनेला लवकर उडून जाते. हे आपल्याला ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. ग्राहक सेवेला फोन केला, तर ‘दोन्ही हातापायांत एकेक पट्टा घाला’ असे उत्तर मिळाले. तक्रार करणाऱ्याच्या गळ्यात आणखी तीन पट्टे मारायचे, ही कुठली रीत?

पैसे गेल्याचे दुःख नाही. पट्टा बांधला की पालक निर्धास्त होतात, मग लांब बाह्यांचे कपडे आणि अंगाला लावायचे औषध दोन्ही राहून जाते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसाढवळ्या चावतो, म्हणजे मुले बाहेर खेळत असतात तेव्हाच. अशा वेळी खोटा दिलासा देणे फार घातक आहे.

खोक्यावर तेलाचे प्रमाण नाही, वयाची मर्यादाही नाही. डीट हे डासांना दूर ठेवणारे रसायन १० टक्के असेल तर साधारण २ तास, ३० टक्के असेल तर ५ तासांच्या आसपास टिकते, आणि घामाने त्याहूनही कमी. लिंबू-निलगिरीचे तेल ३ वर्षांखालच्या मुलांना लावू नये, आणि २ महिन्यांखालच्या बाळाला तर कुठलेच औषध न लावता मच्छरदाणीतच ठेवावे. असे स्पष्ट छापले तर पालकांना निवड तरी करता येते.

सोबतच्या पत्रकात ‘चावल्या जागी मलम जोरात चोळा’ असे लिहिले आहे. हे वाचून मला खरोखर संताप आला. चोळल्याने खाज वाढते, कातडी सोलते आणि जखम चिघळते. डॉक्टरांनी आम्हाला साबणाच्या पाण्याने धुवून थंड पट्टी ठेवायला, वर खाज शमवणारे कॅलामाइन लावायला आणि नखे कापायला सांगितले. सूज पसरत गेली, पू झाला किंवा ताप आला तर लगेच दाखवायलाही सांगितले. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन देऊ नये, हेही त्यांनीच बजावले. आपल्या पत्रकात यातले एक अक्षर नाही.

माझी मागणी अशी: ‘संपूर्ण शरीर’ आणि ‘१२ तास’ हे शब्द खोक्यावरून आणि जाहिरातींतून काढावेत. घटक, त्यांचे प्रमाण आणि वयोमर्यादा छापावी. पत्रक एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडून तपासून नव्याने काढावे. माझे पैसे परत करावेत आणि आधी विकलेल्या पट्ट्यांबाबत ग्राहकांना जाहीरपणे कळवावे.

पट्टा, खोके, पावती आणि मुलीच्या सुजलेल्या डोळ्याचे फोटो माझ्याकडे आहेत. लेखी उत्तर १५ दिवसांत द्यावे, अन्यथा मी ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपली,
एक ग्राहक