झोन बदलाच्या आदेशातच अटी लिहा

संपादक महोदय,

मोकळ्या जमिनीचा झोन, म्हणजे तिचा ठरवून दिलेला वापर, बदलून तिथे औद्योगिक कार्यालये आणि गोदामे उभारण्याचे प्रस्ताव हल्ली वारंवार वाचनात येतात. सुनावणीत बहुधा दोनच सूर लागतात. रोजगार येईल, असे एक बाजू सांगते. दुसरीला तिथे काहीच नको असते. मी बरीच वर्षे गोदामातून माल रवाना करण्याचे काम केले आहे. गोदामे कुठेतरी लागणारच, हे मला पूर्ण मान्य आहे. माझा आग्रह एवढाच, की ज्या अटींवर लोक राजी होतात त्या मंजुरीच्या आदेशात उतरल्या पाहिजेत.

सुनावणीत चित्र दाखवले जाते: काचेची दर्शनी इमारत, कडेने झाडे, आवारात दोन-चार मोटारी. पण मंजूर होतो तो झोन, आणि साधारणपणे तो जमिनीबरोबर राहतो. अर्जदाराने जागा विकली, तर नवा मालक त्या झोनच्या नियमांत बसेल ते बांधू शकतो. महिनोन्‌महिने न हलणारा माल ठेवणारे गोदाम आणि चोवीस तास पार्सले वेगळी करून पाठवणारे केंद्र, बाहेरून दोन्ही सारखीच शेड दिसतात. गाड्यांच्या वर्दळीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून किती क्षेत्र कार्यालयाचे, किती गोदामाचे आणि रात्री किती अवजड गाड्या येणार, हे आकड्यांत लिहून घ्यायला हवे.

रात्रीचे काम कसे चालते ते सांगतो. डॉक म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचा धक्का. ट्रेलर त्याला एका दमात लागतोच असे नाही. चालक पुढे घेतो, मागे घेतो, आणि दर वेळी रिव्हर्सचा भोंगा वाजतो. मग एअर ब्रेकचा फुस्कारा, डॉकची लोखंडी प्लेट आदळल्याचा दणका आणि त्या प्लेटवरून फोर्कलिफ्टची खडखड. थंड ठेवायचा माल असेल तर गाडी उभी असतानाही तिचे कूलिंग युनिट घरघरत राहते. डॉक वस्तीच्या विरुद्ध बाजूला ठेवले तर इमारतच आवाजाला आडवी येते. नकाशावर हा बदल एका बैठकीत होतो. बांधकाम झाल्यावर डॉकची बाजू कोणी बदलत नाही.

रस्त्याचेही तसेच. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ऑटावाजवळ 1958 ते 1960 या काळात रस्त्यांची मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की गाडीच्या एका आसावरचा (ॲक्सलवरचा) भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारे 16 पट होते. वस्तीतल्या हलक्या वाहनांसाठी बांधलेला रस्ता ट्रेलरखाली टिकत नाही. तो मजबूत करण्याचा खर्च कोणी करायचा, हे आधीच ठरायला हवे.

पाण्याचा हिशेब तर घरबसल्या करता येतो. एक हेक्टरवर 50 मिलिमीटर पाऊस पडला की 5 लाख लिटर पाणी होते. मोकळी जमीन त्यातले बरेचसे मुरवते. छप्पर आणि काँक्रीट जवळजवळ सगळे शेजाऱ्याकडे लोटतात. साठवण तलाव आवारातच हवा.

अशा अटी घातल्या तर मालकावर अन्याय होतो, असे म्हटले जाते. क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड गावात एका कंपनीने 68 एकर मोकळी जमीन उद्योगासाठी राखून ठेवली होती. गावाच्या झोनिंगमुळे जमिनीची किंमत पडली, अशी तिची तक्रार होती. 1926 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाचे झोनिंग वैध ठरवले. दक्षिण कॅलिफोर्नियातील हवा नियंत्रण मंडळाने 2021 मध्ये त्यापुढची पायरी गाठली: 1 लाख चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या गोदामांना तिथे ये-जा करणाऱ्या ट्रकांच्या धुराचीही जबाबदारी घ्यावी लागते. म्हणजे अटी घालता येतात आणि गोदामेही चालतात.

आज बहुतेक ठिकाणी लोक प्रस्तावावर हरकती देतात आणि अटी नंतर बंद खोलीत ठरतात. आदेशाचा मसुदा अटींसह सुनावणीपूर्वीच प्रसिद्ध करावा आणि हरकतींची मुदत त्या दिवसापासून मोजावी, ही नियोजन प्राधिकरणांना विनंती.

– एक वाचक