आडव्या चॅनलचं रडगाणं

प्रिय नंदू,

पाच महिने पत्र नाही, काय शिव्या द्यायच्या त्या देऊन घे. गुडघा ठीक, बीपी गोळीवर. पण आमच्या सातव्या भूकंपमापन स्टेशनचा डेटा पाहिला, आणि हे तुझ्याखेरीज कुणापुढे रडायचं?

जमिनीची वरखाली हालचाल नोंदवणारा उभा चॅनल स्वच्छ. आडवे दोन्ही मात्र ऊन चढलं की सरकतात, रात्री परततात. म्हणजे सेन्सर कलतोय. 1 मायक्रोरेडियन कलला तरी आडव्यावर गुरुत्वाचा दहा लाखावा भाग उमटतो. उभ्याला पत्ताही लागत नाही. भूकंपाच्या पृष्ठलहरींपैकी रॅले लहरी उभ्यावर मिळतील, पण जमीन आडवी हलवणाऱ्या लव्ह लहरी फक्त आडव्यावर, आणि प्रावरणातल्या स्फटिकांचा कल दोघींच्या वेगांतल्या फरकातूनच काढायचा होता. (लव्हची वाट लागली, हा विनोद तात्यांनी करून झालाय.)

संशय तीन. केबल ताणलेली असेल. सेन्सरजवळ सैल वेटोळं हवं. सेन्सर ज्या पुरलेल्या टाकीत आहे तिच्या झाकणाखाली हवा फिरत असेल. सेन्सरभोवती कोरडी वाळू आणि वर थर्माकोल भरला की थांबते. तिसरा वाईट: सेन्सरखालचा काँक्रीटचा ओटा टाकीच्या भिंतीला चिकटलाय. भिंत फुगते तशी ओट्याला ओढते. मध्ये फट हवी, ओट्यात सळई नको. तो फोडायचा तर लेव्हल पुन्हा, उत्तर दिशा पुन्हा, वर नवं काँक्रीट सुकताना स्वतःच कलत राहणार. म्हणून आधी केबल, तीन दिवस थांबायचं, मग वाळू. सगळं एकदम बदललं तर चोर सापडत नाही.

तू म्हणशीलच, वरवर स्टेशनांचं जाळं कशाला, "खोल विहीर खोदा!" कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियासच्या भ्रंशात जवळपास 3 किलोमीटरखाली 2008 मध्ये उतरवलेली उपकरणं काही आठवड्यांत बंद पडली, विसरलास? रशियातलं कोलाचं भोक 12,262 मीटर गेलं. तळाशी 180 अंश, आणि मोहो, म्हणजे कवच आणि प्रावरण यांमधली सीमा, अजून कुठच्या कुठे. उलट यूएसअॅरे या अमेरिकी भूकंपमापक जाळ्याने 400 स्टेशनं, साधारण 70 किलोमीटर अंतराने, दोन-दोन वर्षांनी पुढे सरकवत अख्खी अमेरिका पालथी घातली. जाळंच खरं! बरं, अलास्कात त्याच जाळेवाल्यांनी सेन्सर दोन-तीन मीटर भोकांत पुरले, हे मी स्वतःहून कबूल करतो. फार खूश होऊ नकोस.

मुलीचं ठरलं म्हणे, अभिनंदन. घराचं काम संपलं का? वहिनींना नमस्कार.

आणि हो, ओटा फोडावाच लागला तर तुझा उत्तर दिशा शोधणारा जायरो पंधरा दिवस देशील? टाकीजवळच्या लोखंडाने होकायंत्र वेड्यासारखं फिरतंय. तारीख कळव.

तुझा,
बंड्या