‘रिमेंबर’ पाहून तुम्ही विचारलेले दोन प्रश्न

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

‘रिमेंबर’ हा सिनेमा पाहून झाल्यावर फोनवर तुम्ही दोघांनी मला एकेक प्रश्न विचारलात. ते दोन्ही डोक्यातून जात नाहीत, आणि फोनवर असल्या गोष्टी नीट बोलून होत नाहीत, म्हणून लिहायला बसले. बाबा, तुम्ही विचारलंत, ज्याला स्वतःचा गुन्हाच आठवत नाही त्याला मारून मॅक्सला मिळालं काय? आणि आई, तू विचारलंस, “त्या झेवला बायको गेल्याचं दर वेळी नव्याने का कळू देतात गं?”

गोष्ट एकदा डोळ्यांपुढे आणू: वृद्धाश्रमातला मॅक्स स्मृतिभ्रंश झालेल्या झेवला पत्र लिहून देतो, की ऑश्वित्झ या नाझी मृत्युछावणीत आपल्या घरच्यांना मारणारा ओट्टो वॉलिश खोट्या नावाने लपलाय, त्या नावाच्या एकेकाच्या घरी जाऊन त्याला शोध आणि मार. शेवटी कळतं की ओट्टो म्हणजे खुद्द झेवच, आणि शेवटच्या घरातला म्हातारा त्याचा साथीदार.

बाबांचं आधी घेते.

बाबा, हा पेच कोर्टांपुढेही आलेला आहे. सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला तो सप्टेंबर 2015 मध्ये, व्हेनिसच्या महोत्सवात. त्याच्या दोनच महिने आधी जर्मनीतल्या ल्युनेबुर्गच्या कोर्टाने ऑस्कर ग्रोनिंग नावाच्या 94 वर्षांच्या माणसाला चार वर्षांची कैद सुनावली होती. ऑश्वित्झला आणलेल्या लोकांकडून काढून घेतलेले पैसे मोजणं हे त्याचं काम होतं. तीन लाख खुनांना साहाय्य केल्याबद्दल तो दोषी ठरला. तिथे 1979 पासून खुनाच्या खटल्याला मुदतच नाही, त्यामुळे वय झालं म्हणून सुटका नाही. (तुरुंगात जायच्या आधीच, 2018 मध्ये, तो वारला.) पण 2017 मध्ये त्याच देशात ऑश्वित्झमधल्या ह्युबर्ट झाफके या, नाझींच्या एसएस दलातल्या वैद्यकीय कर्मचाऱ्यावरचा खटला बंद करावा लागला, कारण त्याला स्मृतिभ्रंश झाला होता. आपल्यावर काय आरोप आहे हेच ज्याच्या डोक्यात टिकत नाही, तो बचाव कसला करणार? मला दोन्ही निर्णय पटतात. कोर्टात उभं राहण्याइतकं भान असेल तर नव्वदीतही उभं राहावं, आणि ते भान गेलं असेल तर थांबावं.

मॅक्सला कोर्ट नकोच होतं. त्याला ओट्टो वॉलिशला आठवायला लावायचं होतं. स्वतः व्हीलचेअरवर, नाकाला ऑक्सिजनची नळी, पण स्मरणशक्ती शाबूत. झेवचे हातपाय चालतात, स्मरणशक्ती नाही. मग एकाने पत्र लिहायचं आणि दुसऱ्याने ते वाचत वाचत माणूस मारायला निघायचं. मॅक्सचं दुःख खरं आहे, त्याच्या घरातली माणसं त्या छावणीत मारली गेली, आणि शेवटी दोन्ही खुनी सापडतात. तरी मी त्याच्या बाजूने उभी राहू शकत नाही. तो तिसऱ्या घरातला जॉन आठवा. सज्जन नव्हेच तो. झेवच्या हातावर गोंदलेला छावणीतल्या कैद्याचा आकडा दिसताच त्याचं खरं, ज्यूद्वेषी रूप बाहेर पडतं. पण त्याचा बाप ऑश्वित्झला कधी नव्हताच. झेवच्या गोळीने जॉनही मेला, त्याचा कुत्राही मेला, आणि दुसऱ्या दिवशी ते मारणाऱ्याच्या लक्षातही नाही. आजारी माणसाच्या हातात पिस्तूल दिल्यावर ते कुणाकुणावर रोखलं जाईल, याचा हिशेब मॅक्सने केलेला नाही, किंवा केला असेल तर त्याला त्याचं काही वाटलेलं नाही. म्हणून बाबा, माझं उत्तर असं, की मॅक्सला हवं ते मिळालं, पण ज्या रस्त्याने मिळालं तो मला मान्य नाही.

तुम्ही असंही म्हणालात की शेवट ओढूनताणून आणलाय, कारण स्मृतिभ्रंशात जुनं टिकतं आणि ताजं आधी जातं. बरोबर आहे. नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग अल्झायमरमध्ये सुरुवातीलाच खराब होतो, म्हणून सकाळचा चहा विसरतो आणि शाळेतला बाक आठवतो. मग झेवला तरुणपणच कसं आठवत नाही? मी असा विचार केला: सत्तर वर्षं तो माणूस एक खोटं बोलत आला. बायकोशी, मुलाशी, शेजाऱ्यांशी. जे रोज घोकलं तेच पक्कं राहिलं, आणि जे सत्तर वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नाही ते विरून गेलं. वैद्यकीयदृष्ट्या हे कितपत खरं ते डॉक्टरांनी सांगावं, पण गोष्टीत मला ते चपखल वाटलं. आणि बोटं मात्र विसरत नाहीत. शेवटच्या घरी पियानोवर तो वाग्नर, म्हणजे हिटलरच्या आवडत्या जर्मन संगीतकाराचं संगीत, वाजवतो, एक सूर न चुकता. छावणीतून वाचलेल्या माणसाला वाग्नर आवडावा याचं त्या घरच्या म्हाताऱ्याला नवल वाटतं. दिग्दर्शकाने तिथेच सगळं सांगून टाकलंय.

आता आई, तुझा प्रश्न. सिनेमात मला सगळ्यात जास्त छळलं ते तेच. झेव जागा होतो, शेजारची जागा चाचपतो, “रूथ?” अशी हाक मारतो. मग कुणीतरी सांगतं, नाहीतर पत्र सांगतं, आणि तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा कोसळतो. मनगटावर त्याने पेनने लिहून ठेवलंय, पत्र वाच. म्हणजे स्वतःच्या हाताने तो रोज तीच बातमी स्वतःला देतो.

2014 मध्ये आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमर झालेल्या काही जणांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळाने काय पाहिलं ते त्यांना जवळजवळ आठवेना, पण मन मात्र तसंच राहिलं. दुःखी फीत पाहिलेली माणसं उदासच होती, का ते त्यांना सांगता येत नव्हतं. हे वाचलं आणि तुझा प्रश्न किती योग्य होता ते कळलं. बातमी पुसली जाते, घाव राहतो. म्हणून अशा माणसांची काळजी घेणारे अनुभवी लोक पुन्हा पुन्हा मृत्यूची बातमी देत नाहीत. “रूथ कुठे आहे?” असं विचारलं तर तिच्याबद्दल बोलतात, ती कशी होती, तुमची भेट कुठे झाली. खोटंही सांगायचं नाही आणि रोज नव्याने रडवायचंही नाही.

पण हे पुस्तकी उत्तर झालं. मला तुमचं हवं आहे. उद्या तुमच्यापैकी एक गेलं आणि मागे राहिलेलं दुसरं रोज त्याची चौकशी करू लागलं, तर मी काय सांगावं? बाबा, तुम्हाला कुठलीही गोष्ट लपवलेली खपत नाही, तेव्हा तुमचं उत्तर वेगळं असेल. आईचं कदाचित अगदी उलट. तुमच्या वतीने मला ठरवायचं नाही.

सिनेमातला मुलगा, चार्ल्स, वाईट नाही हो. बाप हरवल्यावर जिवाच्या आकांताने शोधतो. पण बापाच्या खिशात कुणाचं पत्र आहे, हे त्याला ठाऊक नाही. तुमच्या हातात कधी अशी चिठ्ठी द्यायची वेळ आलीच, तर त्यात तुम्ही भानावर असताना स्वतः सांगितलेलंच असावं, मॅक्सचं नको आणि माझंही नको.

तेव्हा दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा, एकमेकांचं न बघता. तीनच गोष्टी: जोडीदार गेल्याचं पुन्हा पुन्हा सांगावं का, घरी राहणं अशक्य झालं तर कुठे राहायला आवडेल, आणि पैशांचे नि औषधांचे निर्णय कुणी घ्यावेत. बाबा, शेवटच्या मुद्द्यासाठी वकिलाशीही बोला. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत असतानाच ते कागद करता येतात. आई, बाबा हे टाळतील हे तुलाही माहीत आहे, तर तू मागे लाग. फोनवर उत्तर देऊ नका, लिहूनच पाठवा.

तुमची,
लेक