परिपाठातील दहा मिनिटे मुलांना द्या

संपादक महोदय,

पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी राज्यात २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’ आला. मुलांनी एकमेकांशी नीट वागावे, मनातले बोलावे, ताण हलका व्हावा, हा त्यामागचा हेतू. त्याला आमचा विरोध नाही. अडचण वाराची आहे. सोमवारी मधल्या सुट्टीत तुटलेली दोस्ती शनिवारपर्यंत वाट पाहत बसत नाही. शिवाय शनिवारची सकाळची शाळा पुष्कळदा खेळ, फोटो आणि ते फोटो दिलेल्या लिंकवर चढवणे यातच संपते. सात-आठ वर्षांच्या मुलाला शाळा आपली वाटते ती रोज थोडा थोडा वेळ, त्याच त्या माणसांकडून मिळणाऱ्या वागणुकीमुळे. त्यासाठी नवा उपक्रम नको, नवा तासही नको. परिपाठातील दहा मिनिटे पुरतात.

परिपाठाचा आजचा ऐवज पाहा: राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, मौन. वीस-पंचवीस मिनिटे मुले रांगेत उभी असतात आणि बोलतात ती ठरलेली पाच-सहा, ज्यांचे वाचन आधीच चांगले आहे. उद्देशिकेपर्यंतचा भाग आणि प्रार्थना उभ्याने दहा मिनिटांत होते. सुविचार आणि दिनविशेष फळ्यावर लिहिले तरी चालतात. उरलेल्या वेळात मुलांनी वर्गात गोल करून बसावे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत. रोज दहा मिनिटे धरली तर २०० दिवसांत ३३ तास होतात, आणि त्यासाठी गणित-भाषेचा एकही तास कापावा लागत नाही.

आता हा गोल चालवायचा कसा? शिक्षकाने खुर्ची सोडून सतरंजीवर, मुलांच्या उंचीवर बसायचे. हातात फिरवायला एक वस्तू हवी, भोवरा, गुळगुळीत दगड, काहीही. ती ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचे. तीस मुले आणि प्रत्येकी वीस सेकंद, म्हणजे दहा मिनिटे झाली. पटावर चाळीस-पन्नास मुले असतील तर एक गोल आत, एक बाहेर. आतले आज बोलतील, बाहेरचे उद्या. सुरुवात नावाने: प्रत्येकाने शेजाऱ्याचे नाव घेऊन नमस्कार करायचा. हे पोरकट वाटते, पण वर्षभर एका वर्गात बसूनही एकमेकांना ‘ए जाड्या’, ‘ए तोतऱ्या’ म्हणणाऱ्या मुलांच्या तोंडी नाव बसायला दोन-तीन आठवडे लागतात. शिक्षकांनीही आडनावाने किंवा हजेरी क्रमांकाने हाक मारणे सोडावे. आडनावाबरोबर गावात काय काय चिकटलेले असते ते पहिलीतल्या मुलालाही कळते. शिष्यवृत्तीची यादी प्रवर्गानुसार वर्गात मोठ्याने वाचणे, ‘अमुक प्रवर्गाची मुले उभी राहा’ म्हणणे, हे तर आजच थांबायला हवे. ती कागदपत्रे पालकांकडून स्वतंत्र घेता येतात.

नमस्कारानंतर एक साधा प्रश्न. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. ‘सुट्टीत कुठे गेला होतात?’, ‘वाढदिवसाला काय मिळाले?’, ‘काल जेवायला काय होते?’, ‘बाबा काय काम करतात?’ हे प्रश्न निरागस दिसतात. प्रत्यक्षात ज्याच्याकडे सांगण्याजोगे काही नाही, त्याला ते तीस जणांसमोर उघडे पाडतात. मग ते मूल खोटे बोलते किंवा दुसऱ्या दिवशी येतच नाही. प्रश्न असा हवा की उत्तर प्रत्येकाजवळ असेल: शाळेत येताना आज काय दिसले, कोणता आवाज आवडतो, काल कोणी मदत केली, कशाची भीती गेली. ‘आज नको’ म्हणून वस्तू पुढे देण्याची मुभा पहिल्या दिवसापासून असावी. मात्र सलग आठवडाभर कोण ‘आज नको’ म्हणते ते शिक्षकाने मनात टिपावे आणि नंतर त्या मुलाजवळ सहज जाऊन बसावे.

मूल बोलेल ते त्याच्या बोलीत बोलेल. अहिराणी, वारली, कोरकू, गोंडी, गोरमाटी, जी असेल ती. गोलात शब्द सुधारायचा नाही. त्यासाठी भाषेचा तास आहे. एकदा टोकले की ते मूल पुढचे कित्येक दिवस वस्तू नुसती पुढे सरकवते. तसेच गोलात उपदेश नको आणि चौकशीही नको. ‘काल खिडकीची काच कोणी फोडली?’ असे एकदा विचारले की गोलाचे कोर्ट होते, मग मुले बेतून बोलू लागतात.

कधी एखादे मूल अनपेक्षितपणे घरातली गोष्ट सांगते: दारू, मारहाण, त्याहून गंभीर काही. तिथेच खोदून विचारू नये. ‘तू सांगितलेस ते बरे केलेस, आपण नंतर बोलू’ एवढेच म्हणून वस्तू पुढे जाऊ द्यावी आणि त्याच दिवशी त्या मुलाशी एकट्याने, पण दार उघडे ठेवून बोलावे. गोष्ट लैंगिक अत्याचाराची असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘आधी घरच्यांना विचारू’, ‘गावात मिटवू’ याला कायद्यात जागा नाही, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. इतर संकटांत १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो कार्यालयातल्या फलकावर असतो. मुलांच्या नजरेच्या उंचीवर, पाण्याच्या टाकीजवळ लावला तर उपयोगाचा.

भांडणे गोलाबाहेर सोडवायची. आपल्याकडची रूढ पद्धत म्हणजे ‘सॉरी म्हण, हात मिळव, जा’. पंधरा सेकंदांत प्रकरण मिटल्यासारखे दिसते आणि शाळा सुटल्यावर वेशीजवळ पुन्हा पेटते. त्याऐवजी दोघांना पाणी पिऊन येऊ द्यावे, राग उतरू द्यावा आणि प्रत्येकाला वेगवेगळे विचारावे: काय झाले? तेव्हा तुला काय वाटले? कोणाला त्रास झाला? आता ते नीट कसे करशील? मग दोघांना समोरासमोर बसवून एकाने सांगितलेले दुसऱ्याला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावावे. दहा मिनिटांच्या आत होते. भरपाई मुलांनीच ठरवावी, म्हणजे फाटलेल्या वहीला कव्हर घालणे, सांडलेले रंग भरून देणे वगैरे. दुसऱ्या दिवशी ‘कसे चालले आहे?’ एवढे विचारायला विसरू नये. तो प्रश्न राहिला तर सगळी मेहनत वाया जाते.

पण ही पद्धत बरोबरीच्या भांडणासाठी आहे. चौघे मिळून एकाला रोज रंगावरून, बोबडेपणावरून, आईच्या कामावरून चिडवत असतील तर ते भांडण नव्हे, छळ आहे. तिथे दोघांना समोरासमोर बसवू नये. चिडवणाऱ्यांसमोर ते मूल ‘काही नाही सर, आम्ही खेळत होतो’ असेच म्हणणार. चिडवणाऱ्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोलावे, पीडित मुलाजवळ बसणारे दोन समजूतदार सवंगडी ठरवावेत आणि जिथे हे घडते त्या जागेवर, बहुधा स्वच्छतागृहाची मागची बाजू किंवा शाळेची वाट, मोठ्या माणसाची नजर ठेवावी.

मॉनिटर ही व्यवस्था आम्हाला मुळातच नको वाटते. फळ्यावर ‘बोलणारी मुले’ म्हणून नावे लिहिणारा मुलगा वर्गाचा फौजदार होतो आणि सुटीत त्याची किंमत मोजतो. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेसोबत मानसिक त्रासही मना करते, हे या फळ्याकडे पाहताना आठवावे. मॉनिटरऐवजी कामे वाटावीत: पाणी, फळा, पुस्तकपेटी, चपलांची रांग, झाडे, जेवणाची ताटे. प्रत्येक कामाला दोघे, एक चौथीतला आणि एक पहिली-दुसरीतला. दर सोमवारी पाळी बदलायची. झाडू मुलींकडे आणि बाके उचलणे मुलांकडे, असे आपोआप होते. तक्ता आधीच लिहून ठेवला तर होत नाही.

पोषण आहाराची पंगत हा शाळेतला सर्वात मोठा सामाजिक तास आहे, आणि तिकडे आपले लक्ष फक्त तांदळाच्या हिशेबाकडे असते. मुले आपापल्या वस्तीप्रमाणे बसतात. कोणी घरचा डबा घेऊन बाजूला सरकते. कामाच्या जोड्या त्याच आठवड्यात शेजारी जेवतील, एवढा नियम केला की गटांची सरमिसळ होते. वाटपाआधी शिक्षकाने चव घेऊन नोंदवहीत लिहायचे असतेच. तसेच दोन घास मुलांबरोबर पंगतीत बसून खाल्ले तर कोण किती जेवते, कोण कोणापासून दूर सरकते, हे न विचारता दिसते.

ऊसतोडीच्या पट्ट्यातली अडचण वेगळी. दिवाळीच्या सुमारास काही मुले आईवडिलांसोबत फडावर जातात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून दिलेले) यांनी पट टिकतो. नाते टिकायला आणखी थोडे लागते. मूल गेले तरी कामाच्या तक्त्यावर त्याचे नाव ठेवावे. आठवड्यातून एकदा गोलातूनच मुकादमाच्या किंवा वडिलांच्या फोनवर बोलणे व्हावे; त्या वेळी फोन लागत नसेल तर मुलांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवावा. परतल्यावर मागच्या बाकावर ‘राहिलेला अभ्यास’ घेऊन बसवू नये. पहिले दोन आठवडे एक जोडीदार द्यावा आणि फडावर काय पाहिले ते त्यालाच शिकवू द्यावे. बैलगाडीची मोळी कशी बांधतात हे शिक्षकांनाही ठाऊक नसते.

पालकांशी पहिला संपर्क तक्रारीचा असेल तर पुढचे वर्ष कठीण जाते. जूनमध्ये शाळा उघडल्यापासून रोज दोन पालकांना फोन करावा, फक्त चांगली गोष्ट सांगायला: तुमच्या मुलीने आज नव्या मुलाला पाणी दिले. पटावर तीस मुले असतील तर पंधरा कामाच्या दिवसांत फेरी पूर्ण होते. वेळ संध्याकाळी सातनंतरची. मजुरीवर असलेला माणूस दुपारी फोन घेत नाही. पालकसभा आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवू नये. घरभेटीला जाताना हातात सर्वेक्षणाचा कागद नसावा, नाहीतर घरचे लोक योजनेचेच बोलतात. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाड (आता पालघर जिल्हा) परिसरात बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली होती. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, हे कायदा सांगतो. इतिवृत्तावर सही घ्यायला मुलाच्या हाती वही घरी पाठवली जाते तिथे मात्र हे आकडे कागदावरच राहतात.

शिक्षण विभागाकडे मागणे तीनच. पहिले, या दहा मिनिटांचा फोटो, अहवाल किंवा लिंक मागू नये. कॅमेरा आला की मुले कॅमेऱ्याशी बोलतात. दुसरे, केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत, म्हणजे जवळपासच्या शाळांतील शिक्षकांच्या बैठकीत, तासभर अशाच प्रसंगांसाठी ठेवावा: मुलाचे नाव न घेता प्रसंग मांडायचा आणि इतरांनी उपाय सुचवायचे. ६० पटापर्यंतच्या शाळेत शिक्षक दोनच. त्यातला एक बैठकीला गेला की दुसऱ्याकडे चार वर्ग, तेव्हा गोल एकत्र कसा चालवावा हेही तिथेच ठरेल. तिसरे, बदली होणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक मुलामागे एक पान पुढच्या शिक्षकाला द्यावे. घरात कोणती बोली, जिवलग मित्र कोण, रडू आले तर काय केल्याने शांत होते, घरी फोन कधी लागतो, एवढेच. गुण आणि उणिवा त्यात नकोत, त्या निकालपत्रकात असतातच. बदलीचा आदेश आल्यावर असे पान लिहायला वेळ उरत नाही. म्हणून ते निकालपत्रकाबरोबरच तयार व्हावे.

– जिल्हा परिषद प्राथमिक शाळांतील काही शिक्षक, बीड जिल्हा