‘मूर्ती लहान’ म्हणून अचंबा किती दिवस?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान चणीच्या एखाद्या खेळाडूने जोरकस फटक्यावर गोल केला, की आपल्याकडील क्रीडापानांवर ‘मूर्ती लहान, पण कीर्ती महान’ हा मथळा ठरलेला असतो. शाळेत मैदानी हॉकी शिकवताना मीही वर्षानुवर्षे हेच म्हणत आलो. निवृत्तीनंतरचे दोन हिवाळे मुलाकडे मॉन्ट्रियलला काढले आणि बर्फावरची हॉकी जवळून पाहिली, तेव्हा लक्षात आले की या मथळ्यात कौतुकापेक्षा अचंबाच जास्त आहे. ज्या गोष्टीचे कारण सांगता येते तिचा अचंबा किती दिवस करायचा, एवढेच विचारण्यासाठी हे पत्र.

मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाचा कोल कॉफील्ड पाच फूट आठ इंचांच्या आतबाहेरचा. उत्तर अमेरिकेतल्या ज्या व्यावसायिक नॅशनल हॉकी लीगमध्ये तो खेळतो, तिथली सरासरी उंची सहा फूट एक इंचाच्या आसपास आहे. 2018-19 च्या मोसमात त्याने अमेरिकेच्या राष्ट्रीय कुमार संघाकडून 64 सामन्यांत 72 गोल केले होते, तरीही 2019 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या निवडीत, त्याचा क्रमांक पंधरावा लागला. तशाच बुटक्या अ‍ॅलेक्स डब्रिंकॅटची गोष्ट याहून बोलकी. कुमार गटात त्याने एका मोसमात 51 गोल केले, तेव्हा ही करामत त्याच्या संघातल्या नावाजलेल्या कॉनर मॅकडेव्हिडची, असे म्हणायला जागा होती. मॅकडेव्हिड गेल्यावर पुढच्या मोसमात त्याने पुन्हा 51 गोल केले, आणि तरी 2016 मध्ये तो 39 व्या क्रमांकावर उरला. तितक्याच बुटक्या मार्टिन सेंट लुईला तर ड्राफ्टमध्ये कोणीच घेतले नव्हते. त्याच सेंट लुईने 2004 मध्ये लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, दोन्ही मिळवले. पुढे फेब्रुवारी 2022 मध्ये तो मॉन्ट्रियलचा प्रशिक्षक झाला, तेव्हा कॉफील्डच्या नावावर त्या मोसमातील 30 सामन्यांत अवघा एक गोल होता. उरलेल्या 37 सामन्यांत त्याने 22 केले. मधल्या काळात त्याची उंची वाढलेली नव्हती, हे सांगायला नकोच.

मग जोर येतो कुठून? बर्फावरच्या हॉकीची हल्लीची कार्बन तंतूंची स्टिक धनुष्यासारखी वाकते. स्लॅप शॉट, म्हणजे स्टिक मागे उचलून हाणलेला फटका, मारताना पाते आधी पकच्या (चेंडूऐवजी असणाऱ्या रबरी चकतीच्या) थोडे मागे बर्फावर आपटते, त्याने दांडा वाकतो, आणि तो सरळ होता होता पक भिरकावला जातो. रिस्ट शॉटमध्ये, म्हणजे स्टिक न उचलता मनगटाने मारलेल्या फटक्यात, हेच काम खालच्या हाताने दांड्यावर भार टाकून साधले जाते. स्टिक किती ताठ आहे याचा आकडा दांड्यावर छापलेला असतो. 75 म्हणजे साधारणपणे ती एक इंच वाकवायला 75 पौंडांचा जोर हवा. माझ्या नातवाने वडिलांची जुनी स्टिक करवतीने कापून आपल्या मापाची करून घेतली. लांबी बरोबर हनुवटीपर्यंत आली, पण दांडा तोकडा केला की तो आणखी ताठ होतो, हे आम्हा तिघांनाही ठाऊक नव्हते. पोराने सगळा जीव एकवटला तरी स्टिक तसूभर वाकेना, आणि पक आपला गोलपर्यंत घरंगळत जाई. नंतर 50 आकड्याची स्टिक आणली, तर पहिल्याच दुपारी पक कडेच्या फळीवर थाडकन आदळला. पोरगा तोच, त्याचे दंडही तेच.

लीगमधील निव्वळ वेगाचा विक्रम मात्र उंच खेळाडूकडेच आहे, हे मान्य करायला हवे. 2012 च्या ऑल-स्टार कौशल्य स्पर्धेत सहा फूट नऊ इंचांच्या झ्देनो चाराने ताशी सुमारे 175 किलोमीटर वेगाचा स्लॅप शॉट मारला होता. पण तिथे धाव घेऊन स्टिक खांद्यावर न्यायला सवड मिळते आणि अडवायला कोणी नसते. सामन्यात ताशी 140 किलोमीटर वेगाने सुटलेला पकसुद्धा दहा मीटर अंतर पाव सेकंदात कापतो, म्हणजे तो केव्हा आणि कोणत्या कोनातून सुटणार हे गोलरक्षकाला आधी कळले नाही, तर उरलेल्या वेळात त्याला फारसे काही करता येत नाही. कॉफील्डची ख्याती फटका केव्हा सुटणार हे असे कळू न देण्याचीच आहे.

आपल्या मैदानी हॉकीची स्टिक अशी वाकत नाही, याची मला जाणीव आहे. पण पेनल्टी कॉर्नरवरचा ड्रॅग फ्लिकही, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन भिरकावण्याचा फटकाही, निव्वळ दंडाच्या बळावर जात नाही. शेवटचे लांब पाऊल, खाली बसलेली कंबर, तिचा पीळ आणि चेंडू स्टिकवर जितका अधिक काळ राहील तितकी त्याला मिळणारी गती, या सगळ्यांचा तो हिशेब असतो. उंच खेळाडूची ओढ लांब पडते, हा त्याचा फायदा खराच. बाकीचे शिकवता येते. मी मात्र ते सगळ्यांना शिकवले नाही. बुटकी, चपळ मुले विंगला आणि आडदांड मुले पेनल्टी कॉर्नरला, ही माझी वाटणी पहिल्या दिवशीच ठरत असे. सरावानंतर एकटाच थांबून गोलची फळी वाजवत बसणारा एक किरकोळ मुलगा मला अजून आठवतो. अंधार पडायला लागला की त्याला घरी पिटाळणे एवढेच मी केले.

आमच्या उन्हाळी शिबिराच्या अर्जावर नावाखालोखाल उंचीचा रकाना असे. तो मीच घातलेला होता, आणि मुले मैदानावर उतरण्याआधी मी तोच वाचत असे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, पुणे