भार थडीवरच येतो

सदलगा, ता. चिकोडी, जि. बेळगाव

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू तुझ्या कामावरच्या पुण्याच्या उड्डाणपुलाच्या बेअरिंगबद्दल, म्हणजे खांब आणि गर्डर यांच्यामधल्या उशीबद्दल, सांगत होतास आणि बोलता बोलता म्हणालास, "तुला पुलांचं काय, तू साखर कारखान्यातला माणूस." राग नाही आला, पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. सांगण्यासारखं इतकं आहे की फोनवर मावणार नाही, म्हणून हे पत्र. माझीही सगळी नोकरी पुलांवरच चालली आहे, फक्त ते पूल लांबून दिसत नाहीत.

काट्यापासून सुरुवात करतो. आपण काटा म्हणतो, कागदोपत्री तो वे-ब्रिज. गळीत हंगामात रात्री-अपरात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर त्या लोखंडी फलाटावर चढतात. फलाटाच्या खाली लोडसेल असतात, लांबीप्रमाणे चार, सहा किंवा आठ. लोडसेल म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्यावर नखाएवढ्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि पट्टीत धातूची नागमोडी बारीक रेघ. वजन पडलं की पोलाद डोळ्याला दिसणार नाही इतकं दबतं, त्याबरोबर पट्टी ताणते किंवा आखडते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. हा बदल एवढा किरकोळ असतो की साध्या मीटरला तो कळत नाही. म्हणून चार पट्ट्या चौकोनात जोडतात. हाच व्हीटस्टन ब्रिज. बारावीच्या प्रॅक्टिकलला आपण मीटर ब्रिजच्या तारेवर जॉकी, म्हणजे ती टोकदार कळ, सरकवत गॅल्व्हानोमीटरची सुई शून्यावर आणायचो, तेच तत्त्व. दोन्ही अंगांचा तोल साधला की मधून प्रवाह वाहत नाही. तोल बिघडला की वाहतो, आणि किती बिघडला त्यावरून वजन. १० व्होल्ट दिले तर पूर्ण क्षमतेचं ओझं पडूनही बहुतेक लोडसेलमधून २०-३० मिलिव्होल्ट बाहेर येतात. शेतकऱ्याचं वर्षाचं पीक तेवढ्यात मोजलं जातं.

ही जोडणी सॅम्युअल ख्रिस्तीनं १८३३ मध्ये मांडली होती. व्हीटस्टननं ती १८४३ मध्ये लोकांपुढं आणली, श्रेय ख्रिस्तीला दिलंही, तरी नाव चिकटलं ते व्हीटस्टनचं. ख्रिस्तीचं नाव पोरांना शिकवलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

काट्याची खरी परीक्षा कोपऱ्यावर होते. तेच वजन चारी कोपऱ्यांवर ठेवून बघायचं, आकडा सगळीकडं सारखा आला पाहिजे. आणि फलाट व कडेचं काँक्रीट यांच्यामध्ये बोटभर फट असते, ती मोकळी हवी. उसाचा पाला आणि चिखल त्या फटीत दाबून बसला की थोडं ओझं लोडसेलकडं न जाता कडेच्या काँक्रीटवर जातं आणि तेवढं वजन कमी दिसतं. हंगामात मी ती फट स्वतः लोखंडी पट्टीनं खरवडून काढतो. काटामारीच्या, म्हणजे वजन कमी दाखवून शेतकऱ्याला फसवल्याच्या, गोष्टी तूही ऐकल्यास. शेतकऱ्याला संशय येतो यात त्याचं काही चुकत नाही, कारण ज्याच्यावर त्याचे पैसे ठरतात ते त्याला कुणी उघडून दाखवत नाही. माझं म्हणणं असं की रिकाम्या काट्याचं शून्य त्याला दाखवावं, कोपरे त्याच्यासमोर तपासावेत. वैधमापनवाल्यांचा शिक्का असतोच, पण स्वतःच्या डोळ्यानं बघितल्याचं समाधान वेगळं.

आता तुझ्या कामाशी याचं नातं बघ. उड्डाणपुलावर ओझं ठेवून लोड टेस्ट घेताना गर्डरवर, म्हणजे आडव्या तुळईवर, स्ट्रेन गेज चिकटवतात ना, त्या याच पट्ट्या, आणि जोडणीही हीच. तुझा पूल किती ताणला गेला हे माझा पूल सांगतो.

आईच्या दाताचं तुला सांगायचं राहिलंच. खालची एक दाढ काढावी लागली. चिकोडीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ब्रिज बसवू. मी खुर्चीशेजारी उभा राहून सगळं बघितलं. दाढ नाही तिथं काही रोवत नाहीत. शेजारचे दोन्ही दात घासून बारीक करतात, त्यांवर टोप्या बसवतात आणि त्या टोप्यांना जोडलेला मधला खोटा दात हिरडीच्या वर तरंगता राहतो. म्हणजे भाकरी चावताना मधल्या दातावर येणारा जोर शेजारच्या दोघांनी आपल्या जोरात मिसळून सोसायचा. त्या बाईंनी आधी एक्स-रे काढून त्या दोन दातांची मुळं आणि भोवतीचं हाड बघितलं, मगच हो म्हणाल्या. बाजूचे दात हलत असते तर ब्रिजचं नाव काढलं नसतं. आईला एवढंच वाईट वाटलं की दोन चांगले दात घासावे लागले. मला तिचं पटलं. पूल फुकट मिळत नाही, थडीवरच्याला, म्हणजे काठावरच्याला, त्यासाठी काही द्यावं लागतं. आता ती शाळूची भाकरी खाते, पण ब्रिजच्या खालून बारीक ब्रश फिरवायचा कंटाळा करते. तू फोन केलास की तेवढं बजाव, तुझं ऐकते.

मिरजेचंही लिहितो. भजनी मंडळाचा तंबोरा खरखरायला लागला म्हणून कुडची, उगार, शेडबाळ करत रेल्वेनं मिरजेला नेला. तंबोऱ्याच्या तारा ज्यावरून जातात ती घोडी म्हणजेही ब्रिजच. तिचा माथा सपाट नसतो, किंचित उतरता आणि गोलसर असतो. तार त्या उतारावर जराशी घासत थरथरते आणि त्यातून तो भरलेला, गुंजणारा नाद निघतो. कारागीर कानशीनं एक हलका हात मारायचे, तार छेडायचे, मान हलवायचे, पुन्हा एक हात. मग तारेखाली दोरा सरकवत सरकवत एका जागी थांबले आणि तंबोरा बोलायला लागला. जवारी काढणं म्हणतात ते हे. कंप तारेत असतो, पण एकट्या तारेला आवाज किती? तो घोडीतून तबकडीत आणि भोपळ्यात उतरतो तेव्हा देऊळ भरतं. आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व तंबोरा लावायला एवढा वेळ का घेत, ते मला त्या दुकानात बसल्यावर समजलं.

पत्त्यातला ब्रिज, जहाजावरचा ब्रिज, दोन नेटवर्क जोडणारा ब्रिज, यांच्याशी माझा संबंध आला नाही, म्हणून त्यावर पान भरत नाही. शाळेतला मात्र घरातच आहे. हिच्या मराठी शाळेत जूनमध्ये सेतुबंध असतो, मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायचा. तुमच्याकडं महाराष्ट्रात कोरोनानंतर २०२१ मध्ये सेतू अभ्यास झाला, तसाच. ही म्हणते, घाई केली की पोराचं मागचंही जातं आणि पुढचंही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. आपला मलिकवाड-दत्तवाड बंधारा. तुझं आजोळ पलीकडं महाराष्ट्रात, माझं घर अलीकडं कर्नाटकात, आणि मध्ये दूधगंगा. मूळ काम पाणी अडवायचं. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायचे, पावसाच्या आधी काढायचे, आणि वरून जायला वाट. ती वाट बुटकी ठेवली हे चुकून नाही, पुराचं पाणी वरून निघून जावं आणि बांधकामाला धक्का कमी बसावा म्हणून. पण मुसळधार लागली, काळम्मावाडी धरणातून विसर्ग वाढला की ती पाण्याखाली जाते. कारदगा-भोज, कल्लोळ-येडूर, अकोळ-सिदनाळ, सगळीकडं दरवर्षी तेच. पोलीस आडवं बॅरिकेड लावतात आणि हाकेच्या अंतरावरच्या पाहुण्याकडं जायला मोठा वळसा पडतो. दत्तवाडला दिलेल्या आपल्या पोरी पंचमीला माहेरी येऊ शकत नाहीत. दवाखान्याचं तर बोलायलाच नको.

उंच पूल हवा असं सगळेच म्हणतात, मीही म्हणतो. पण कसा, ते तुझ्याकडून कळायला हवं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर वेदगंगेचं पाणी आलं, गाड्या अडकल्या. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या तोंडी रस्ता उंच करा. पण रस्ता उंच करायचा म्हणून दोन्हीकडून मातीचा भराव टाकला तर तोच आडवा बांध होतो आणि पाण्याचा फुगवटा मागच्या उसात जातो. पंचगंगेकाठी शिरोलीचे लोक भरावाबद्दल हेच ओरडून सांगतात. मला वाटतं, पूर जेवढ्या रुंदीत पसरतो तेवढ्या रुंदीत खांब आणि मोऱ्या हव्यात, भराव अगदी कडेला, थोडकाच. खर्च वाढेल, वाढू दे. रस्त्यावरच्याची सोय करताना रानातला बुडाला तर तो पूल त्या रानवाल्याचा नाही.

दुसरी काळजी पायाची. महाडला सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, एसटी गाड्या गेल्या, तेव्हापासून पूर ओसरला की मी बंधाऱ्याचे खांब बघायला जातो. वरचा स्लॅब ठणठणीत दिसतो, पण पाणी खांबावर आपटून बुडाशी भोवरा धरतं आणि तळची वाळू ओढून नेतं. ते वरून कसं दिसणार? आमच्याकडं रस्त्याचे खड्डे भरले की काम झालं असं धरतात. पाण्याखालचा पाया कुणी आणि कधी तपासावा याचा काही नियम तुम्हा लोकांत असेल, तो मला सविस्तर लिहून पाठव. ग्रामसभेत नुसत्या तक्रारीपेक्षा तो कागद पुढं ठेवता येईल. दत्तवाडच्या पंचायतीलाही तोच अर्ज द्यायला सांगतो. नदी दोघांची आहे, एका बाजूच्या अर्जावर काय होणार?

आणि एकदा स्वतः ये. मेअखेरीला, बरगे काढल्यावर पाणी खाली जातं तेव्हा, खांबाच्या बुडापर्यंत उतरता येतं. मोठा टेप आण, इथं लांब टेप मिळत नाही. दत्तवाडला मामींकडं उतर आणि सकाळी ऊन चढायच्या आत चालत बंधाऱ्यावर ये. फोटो, मोजमापं, सगळं एका दिवसात उरकेल. जेवायला घरी, आई वाट बघते आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
राजू