डांगर बुधवारच्या बाजारातून आण

कॉर्क, आयर्लंड
मंगळवार, २८ ऑक्टोबर

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज रडवेला झाला आणि नेमकं तेव्हाच मला कामावर हाक आली, म्हणून आता निवांत बसून लिहितोय. आई प्रिंट काढून देईल. सोसायटीतल्या मुलांनी शुक्रवारी हॅलोविन करायचं ठरवलंय, सगळे ऑनलाइन मुखवटे आणि काळे झगे मागवतायत, आणि आजी म्हणते, "दिवाळी आत्ता झाली, तुळशीचं लग्न तोंडावर आलंय, भुताखेतांचं घरात काही नको." आता बाबांनी आजीला समजवावं असं तुझं म्हणणं. आजीला मी काही समजावणार नाही. पण हा सण मुळात ज्या देशातला, तिथेच मी सध्या कामाला आलोय आणि कालचा अख्खा दिवस एका घरात त्याची तयारी बघत होतो. ते तुला सांगतो. वाचून झालं की हेच पत्र आजीला मोठ्याने वाचून दाखव, चष्मा लावूनही तिला बारीक अक्षर दिसत नाही.

आधी गाव सांगतो. कॉर्क हे आयर्लंडचं डब्लिनखालोखाल मोठं शहर. ली नावाची नदी गावात शिरताना दोन फाट्यांत वाटली जाते आणि मधल्या बेटावर सगळी बाजारपेठ आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी मला दिशाच लागेना. आपल्याकडे नाशकात गंगा, म्हणजे गोदावरी, एकदा ओलांडली की पंचवटी आली, इथे पूल ओलांडला तरी चार गल्ल्यांनंतर पुन्हा नदी समोर उभी! उत्तरेच्या टेकडीवर शँडनचं चर्च आहे, १७२२ साली बांधायला घेतलेलं. त्याच्या मनोऱ्याला चारी बाजूंनी घड्याळं आहेत आणि चारही थोडी थोडी वेगळी वेळ दाखवतात. गावातले लोक त्याला प्रेमाने 'चार तोंडांचा खोटारडा' म्हणतात. मनोऱ्याच्या टोकाला सोनेरी मासा आहे. वाट चुकलो की मी तो मासा शोधतो, मग हॉटेल कुठल्या बाजूला ते कळतं.

आपल्या अंबडच्या कारखान्यातलं मशीन इथल्या औषधांच्या कंपनीत बसवायचं काम चाललंय. ते ठीक चाललंय, त्यात तुला सांगण्यासारखं विशेष नाही. परवा रविवारी पहाटे सगळ्या देशाने घड्याळं एक तास मागे घेतली, दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घेतात. त्यामुळे आता संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि कामावरून निघतो तेव्हा काळोख असतो. तोही ओला. पाऊस पडतो म्हणण्यापेक्षा हवेत भरून राहतो. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे कामाला येईल, कारण हा सण या काळोखासाठीच आहे.

काल सोमवारी इथे सार्वजनिक सुट्टी होती. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एक बाई म्हणाल्या, हॉटेलात एकटे काय बसता, घरी या, मुलांची गडबड चालू आहे. गेलो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली आणि त्यांच्या आई, ऐंशीच्या पुढच्या असतील, चमच्याने सलगम कोरत बसलेल्या. भोपळा नाही बरं का, सलगम! आपल्याकडच्यापेक्षा मोठा, बाहेरून जांभळट, आतून पिवळा, आणि टणक असा की पहिला काप त्यांच्या मुलीने सुरी ठोकून घातला. पुढचं सगळं काम चमच्याचं. आजीबाई सलगम मांडीत घट्ट धरायच्या, चमच्याची कड आत रोवायच्या आणि मनगट फिरवून एक पापुद्रा काढायच्या. मग पुन्हा. माझ्याही हातात एक दिला. अर्ध्या तासात माझ्या आंगठ्याला फोड आला आणि त्यांच्या सलगमाला दोन तिरके डोळे, नाक म्हणून एक भोक आणि वाकडे दात आले होते. आत मेणबत्तीचा तुकडा लावून दिवा मालवला. भोपळा हसरा दिसतो, हा चेहरा मात्र सुरकुतलेला, खरोखर भीती वाटावी असा. आणि सलगम आतून भाजल्याचा उग्र वास घरभर.

त्यांनी सांगितलं, भोपळा पुढे अमेरिकेत आला. १८४५ नंतर इथे बटाट्याचं पीक कुजून मोठा दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली आणि लाखो बोटीत बसून गेली. कॉर्कच्या जवळच कोव्ह नावाचं बंदर आहे, टायटॅनिक शेवटची थांबली होती ते. तिथूनही खूप माणसं गेली. जाताना हा सण त्यांच्याबरोबर गेला. तिकडे भोपळे मुबलक, कोरायलाही सोपे, म्हणून सलगमाच्या जागी भोपळा बसला. तो भोपळा मग सिनेमांतून आणि दुकानांतून जगभर फिरला आणि आता पाथर्डी फाट्यावर आलाय.

मुलांचे कपडे सांगतो. थोरल्याने काळ्या कचऱ्याच्या पिशवीला हातांसाठी भोकं पाडली होती. धाकटीने आजोबांचा कोट उलटा, अस्तर बाहेर करून घातला होता, तो तिच्या घोट्यापर्यंत येत होता. तोंडाला जळक्या बुचाची काजळी. विकत आणलेली एकही वस्तू नाही. आजीबाई म्हणाल्या, आमच्या लहानपणी असंच होतं, घरात जे जुनंपानं असेल ते घालायचं आणि शेजारच्याने आपल्याला ओळखता कामा नये, एवढीच अट.

शेजारच्यांनी ओळखू नये, आणि आणखीही कोणी. इथल्या जुन्या समजुतीप्रमाणे ३१ ऑक्टोबरच्या रात्री उन्हाळा संपतो आणि वर्षाचा काळोखा अर्धा भाग सुरू होतो. डोंगरावर चरायला नेलेली गुरं खाली आणायची, पेटवण घालायचं. या सणाचं जुनं नाव साउइन, आणि इथल्या भाषेत नोव्हेंबर महिन्यालाही तेच नाव आहे. त्या रात्री गेलेली माणसं आणि इतरही कोण कोण फिरत असतात असं मानत, म्हणून आपला चेहरा झाकून घ्यायचा. पुढे ख्रिस्ती धर्म आला, १ नोव्हेंबर सगळ्या संतांचा दिवस झाला आणि २ नोव्हेंबर सगळ्या मृतांचा. आजीबाईंच्या माहेरी २ तारखेच्या रात्री दाराला कडी न लावता झोपत. चूल विझवत नसत, तिच्यापुढे एक खुर्ची मांडून ठेवत. कोण येणार म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "आमचेच लोक."

हे ऐकलं आणि मला आजी आठवली. सर्वपित्रीला ती गच्चीवर पान ठेवते, त्यात आजोबांना आवडायची म्हणून गवारीची भाजी, आणि कावळा शिवेपर्यंत स्वतः घास घेत नाही. मग मला आपली धुळवड आठवली. जुन्या नाशकातले वीर तू पाहिले आहेस. घरातल्या गेलेल्या माणसाचा टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावरची छोटी प्रतिमा, खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचा, पोराला राम, शंकर, नाहीतर शिवाजी महाराज सजवायचं, वाटी त्याच्या हातात द्यायची आणि वाजतगाजत गंगेवर न्यायचं. मोठं बाशिंग बांधलेले दाजीबा वीर आले की सगळी गल्ली हात जोडून उभी राहते. यंदा तुझ्या चुलतभावाला शंकर केला होता तेव्हा आजीने स्वतः त्याच्या अंगाला भस्म लावलं. इथल्या आजीबाई नातीच्या तोंडाला काजळी लावत होत्या तेव्हा मला तोच हात दिसला. शिवाय पेठ-सुरगाण्याकडचा बोहाडा आहेच. तिथे गावातली माणसं देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात. सोंग घेऊन निघणं आणि गेलेल्या माणसांची आठवण ठेवणं आपल्या जिल्ह्याला काही नवं नाही. आजीला हे तू सांगू नकोस, तिला ते तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिने पत्रात ऐकलं की पुरे.

आता माझं मत. तू हॅलोविन कर, पण ते ऑनलाइन मागवलेलं सामान आपल्या घरात नको. रक्त ओघळणारे रबरी मुखवटे मला बघवत नाहीत, एका रात्रीत फेकून द्यायचे ते चकचकीत झगेही नकोत. आजी नको म्हणते त्यातलं एवढं मला शंभर टक्के पटतं. जे करशील ते घरातल्या वस्तूंतून आणि आपल्या हाताने कर. कसं ते लिहितो.

उद्या बुधवार आहे. आजीबरोबर गंगेवरच्या बाजारात जा आणि डांगर, म्हणजे आपला लाल भोपळा, आण. तिथे फोडी कापून विकतात, तू अख्खं माग. लहानसं, बुडाला सपाट, देठ असलेलं. आजी निवडेल, तिला बोटाने वाजवून कळतं. ते गुरुवारी संध्याकाळी कोरा, आधी नको, आपल्या हवेत कापलेलं डांगर लवकर खराब होतं. देठाभोवती झाकण कापताना सुरी तिरपी धरायला आईला सांग, म्हणजे झाकण आत पडणार नाही. सुरीचं काम फक्त आईचं. आतलं खरवडायचं काम तुझं, स्टीलच्या चमच्याने, बाजू बोटभर जाडीची होईपर्यंत. चेहरा आधी स्केचपेनने काढ. बिया टाकू नकोस, धुऊन उन्हात वाळव, मग मीठ लावून तव्यावर भाजता येतात. आणि गर आजीच्या स्वाधीन कर. गुळातले घारगे ती कोणाच्याही सणाला करेल.

मुखवटा हवाच असेल तर उद्याच लागा. स्टीलचं पातेलं पालथं घालून त्याला तेलाचा हात लाव, कणकेची खळ करून वर्तमानपत्राचे तुकडे त्यावर चिकटव, चार-पाच थर दे. दोन दिवस कडक उन्हात ठेवलंस की शुक्रवारी रंगवता येईल. अंगावर काय, ते तू ठरव. आजोबांची धोतरं कपाटात आहेत, आजीला विचारून एखादं पांघरायला घे, कापायचं मात्र नाही. आणि पणती पेटलेली असताना लोंबतं काही घालून जवळ जायचं नाही. डांगरात पणतीऐवजी आकाशकंदिलातला छोटा दिवा ठेवलास तरी चालेल.

खाऊचं सांगायचं राहिलंच. इथे अजूनही मुलांच्या पिशवीत भुईमुगाच्या शेंगा टाकतात! जुन्या काळी सफरचंद आणि कवचाचे मेवे हाच खाऊ असायचा. तुम्ही शेंगा भाजा, दिवाळीचा चिवडा उरलाच असेल, त्याच्या पुड्या बांधा. खेळही एक सांगतो. दोरीला सफरचंद टांगायचं, हात पाठीमागे बांधायचे आणि नुसत्या तोंडाने चावा घ्यायचा. ते सारखं पळतं, काल मोठी माणसंही त्यात दंग होती. दुसरा खेळ ब्रॅक नावाच्या गोड पावाचा. चहात भिजवलेल्या मनुका घालून भाजतात आणि आत अंगठी, नाणं, कापडाची चिंधी वगैरे दडवतात. नाणं निघालं तर पैसा, चिंधी निघाली तर तंगी, अंगठी निघाली तर वर्षभरात लग्न. काल अंगठी आजीबाईंच्याच तुकड्यात निघाली आणि सगळं घर हसून लोळलं. पावात वस्तू लपवू नका, लहान मुलं गिळतील. त्यापेक्षा भोंडल्याची खिरापत ओळखतो तसं करा, डबा झाकून ठेवायचा, वाजवायचा आणि आत काय ते ओळखायला लावायचं. तुमच्यात मराठी न बोलणारी मुलं आहेत, त्यांनाही हा खेळ लगेच कळेल.

एक काम मात्र माझ्यासाठी कर. शुक्रवारी अंधार पडला की आजीला खाली घेऊन जा आणि खुर्चीवर बसव. निफाडकडच्या मळ्यातला चकवा आणि पिंपळावरचा मुंजा या गोष्टी तिने मला लोडशेडिंगच्या रात्री सांगितल्या आहेत आणि त्यासाठी कुठल्याही मुखवट्याची गरज पडली नव्हती. सोसायटीतल्या बाकीच्या पोरांनी तिच्या तोंडून काही ऐकलेलं नाही. ती आधी नाही म्हणेल. तू घारगे पुढे कर आणि थांब.

शुक्रवारी तुमचे साडेसात वाजतील तेव्हा इथे दुपारचे दोन असतील. घड्याळं मागे गेल्यामुळे आता साडेपाच तासांचा फरक आहे, विसरू नकोस. मी जेवणाच्या सुट्टीत मोकळा असतो, तेव्हा व्हिडिओ कॉल करेन. फोन हातात धरून पळू नकोस, जिन्याच्या कठड्याला टेकवून ठेव म्हणजे मला सगळे दिसाल. इथल्या आजीबाईंनाही तुझं डांगर बघायचंय, त्यामुळे एक फोटो उजेडात काढ आणि एक अंधारात. आजी कोणती गोष्ट सांगणार आहे ते मात्र मला आधी सांगू नकोस.

आईला आणि आजीला नमस्कार.

तुझा,
बाबा